टाकाऊ लॅपटॉपच्या सेलांपासून फोन भरण्याची पेटी : निवड, जोडणी व सावधगिरी

फोन हें आतां शेतीच्या अवजारांपैकींच एक अवजार झालें आहे. बाजारभाव व पावसाचा अंदाज त्यावर कळतो. मोटारीचा स्टार्टर कित्येक ठिकाणीं त्यावरूनच चालतो. आणि सन २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणीची नोंद खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून, फोननेंच पिकाचें छायाचित्र घेऊन करावयाची असते. रात्रीच्या पाळीस पाणी धरावयास गेलेल्या माणसास सर्पदंश झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्याचें साधन तरी दुसरें कोणतें आहे? अशा वेळीं वस्तींतील वीज गेलेली आणि फोन विझलेला असला म्हणजे ती अडचण केवळ गैरसोयीची राहत नाहीं.

यास्तव घरांत पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीपासून फोन भरण्याची लहानशी पेटी, म्हणजे ज्यास बाजारांत पॉवर बँक म्हणतात ती, घरींच करतां येईल काय, असें कित्येक बंधु विचारीत असतात. उत्तर असें कीं, करतां येते. परंतु आरंभींच एक गोष्ट ध्यानांत धरावी. या कामांत जोडणी हें सोपें अंग आहे. खरें काम निवडीचें आहे. आपण पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण मोजतों. त्यांत दहा दाणे कुचके निघाले तर थोडें बियाणें वाढवून आपण भागवितों. सेलांच्या बाबतींत असें भागविणें चालत नाहीं. कुचका दाणा फार तर उगवत नाहीं. कुचका सेल घर जाळतो. म्हणून जो सेल संशयित, तो बाद, हाच या पाठाचा मुख्य नियम समजावा.

१. सेलाची ओळख

लॅपटॉपच्या जाड, लांबट बॅटरींत बहुधा सहा गोल सेल असतात. प्रत्येकाचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असल्यामुळें त्यांस १८६५० असें नांव पडलें आहे. हे लिथियम-आयन जातीचे सेल होत. सन १९९१ मध्यें जपानांत ते प्रथम विक्रीस आले, आणि ज्या शास्त्रज्ञांच्या श्रमांमुळें ते शक्य झालें त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस सन २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

अशा एका सेलाचा सर्वसाधारण दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टांपर्यंत जातो, आणि वापरून ३ व्होल्टांवर आला म्हणजे तो रिता झाला असें मानावें. या दोन मर्यादांच्या आंत सेल गुणी जनावराप्रमाणें वागतो. त्यांबाहेर गेला कीं बिथरतो. ४.२ व्होल्टांच्या वर भरीत राहिल्यास आंत धातुरूप लिथियमचा थर जमूं लागतो व सेल तापतो. उलट, फार खालीं उतरलेल्या सेलाच्या आंतील तांब्याचा पत्रा थोडाथोडा विरघळतो, आणि पुन्हां भरतांना तेंच तांबें भलत्या जागीं बसून आंतल्या आंत शॉर्ट होण्याचा संभव उत्पन्न होतो. असा सेल बाहेरून अगदीं चांगला दिसतो, हेंच त्यांतील कपट होय.

लॅपटॉपची बॅटरी निकामी झाली म्हणजे तिच्यांतील सर्व सेल निकामी झाले असें नव्हे. सहा सेलांच्या बॅटरींत दोन-दोन सेलांच्या तीन जोड्या एकापुढें एक लावलेल्या असतात. एकापुढें एक जोडलेल्या नळांपैकीं एक चोंदला तर सर्वांचें पाणी बंद पडतें. तद्वत् एक जोडी खचली कीं सबंध बॅटरी चालेनाशी होते, आणि उरलेल्या चार सेलांत पुष्कळदां जीव शिल्लक असतो. आपणांस शोधावयाचे आहेत ते हे.

फोनमधील व अलीकडच्या पातळ लॅपटॉपमधील चपटे, मऊ पिशवीसारखे सेल या कामास घेऊं नयेत. त्यांस टणक कवच नसतें. ते सहज टोचले जातात व फुगतात. फुगलेला सेल, मग तो कोणत्याहि जातीचा असो, दाबूं नये, टोचूं नये व भरूं नये. विजेरींतील साधे, एकदांच वापरावयाचे सेलहि भरण्याच्या खटपटींत पडूं नये.

२. बॅटरी उघडणें

हें काम दिवसां, उजेडीं, घराबाहेरच्या फरशीवर करावें. हातांतील अंगठी, कडें व मनगटावरील घड्याळ काढून ठेवावें, व डोळ्यांवर चष्मा असावा. जवळ कापूस, कडबा, डिझेल असें कांहीं नसावें. बॅटरीचें प्लास्टिकचें कवच चिकटविलेलें असतें. त्याच्या सांध्यांत स्क्रूड्रायव्हर खुपसूं नये, कारण टोंक थेट सेलांत शिरतें. बांबूची चपटी चीप सांध्यांत घालून हळूहळू उकलावें. आंत सेलांस जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या दिसतील. त्या एका वेळीं एकच याप्रमाणें कापाव्या. कात्रीच्या पात्यांत दोन पट्ट्या एकदम सांपडल्या तर तेथेंच ठिणगी उडते.

सेलाचा सपाट बुडाकडील भाग ऋण असतो, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याचें सर्व अंगचें कवचहि ऋणच असतें, हें थोड्यांस ठाऊक असतें. धन टोंकाच्या वर्तुळाभोंवतीं अगदीं लागूनच ऋण कवचाची कड असते, आणि त्या दोहोंमध्यें केवळ रंगीत प्लास्टिकचें वेष्टण व एक कागदी कडें आड असतें. म्हणून वेष्टण फाटलें असल्यास तापवून आकसणारी नवी नळी व नवें कागदी कडें चढविल्यावांचून तो सेल पुढें वापरूं नये. ज्याचें कवच चेपलें आहे, गंजलें आहे, किंवा ज्यास गोडसर औषधी वास येतो, तो येथेंच बाद करावा.

३. निवडीच्या चार कसोट्या

या कामास एक मल्टिमीटर, एका सेलापुरता चार्जर, एक १० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर व एक वही लागते. प्रत्येक सेलावर क्रमांक घालावा व वहींत त्याच्या नांवें रकाने आंखावे.

पहिली कसोटी, मूळ दाब. सेल सोडविल्याबरोबर त्याचा दाब मोजावा. २.५ व्होल्टांहून कमी आढळल्यास तो बाद. कित्येक कारागीर असा सेल दुसऱ्या भरलेल्या सेलास टेकवून “उठवितात”, आणि तो उठतोहि; परंतु वर सांगितलेला तांब्याचा दोष त्यानें जात नाहीं. तो मोह टाळावा.

दुसरी कसोटी, भरतांना उष्णता. उरलेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टांवर आपोआप थांबणाऱ्या चार्जरावर एकेकटा भरावा. जवळ बसून राहावें व अधूनमधून हात लावून पाहावें. किंचित् कोमट लागणें स्वाभाविक आहे. हातास स्पष्ट गरम लागला, किंवा पुष्कळ तास होऊनहि भरणें पुरें होईना, तर तो बाद.

तिसरी कसोटी, विश्रांति. भरलेले सेल सुटेसुटे, लाकडी अगर पुठ्ठ्याच्या घरांत उभे करून दोन आठवडे ठेवावे. दुसऱ्या दिवशीं एकदां व चौदाव्या दिवशीं एकदां दाब मोजावा. निरोगी सेल या अवधींत व्होल्टाचे कांहीं शतांशच गमावतो. जो ४ व्होल्टांच्या खालीं आला त्याच्या आंत कोठें तरी वीज झिरपत आहे, असें समजून तो बाद करावा. घाईमुळें लोक हीच कसोटी गाळतात, आणि आंतला दोष उघड करणारी सर्वांत भरंवशाची कसोटी हीच आहे.

चौथी कसोटी, धारणशक्ति. भरलेल्या सेलाच्या दोन टोंकांस १० ओहमचा रेझिस्टर जोडावा व दर अर्ध्या तासानें दाब लिहून ठेवावा. सेलांतून सरासरी ०.३६ अँपियर प्रवाह वाहतो. दाब ३ व्होल्टांवर येतांच रेझिस्टर काढावा. विसरून रात्रभर ठेवल्यास चांगला सेल आपल्याच हातानें मरतो. जितके तास लागले त्यांस ३६० नें गुणिलें असतां सेलाची धारणशक्ति मिलिअँपियर-तासांत निघते. समजा, नवेपणीं २२०० मिलिअँपियर-तासांचा सेल पांच तास चालला, तर त्यांत १८०० शिल्लक आहेत, तो घ्यावा. सवाचार तासांच्या आंतच उतरला तर त्यांत १५०० च्या वर कांहीं उरलें नाहीं, तो सोडावा. रेझिस्टर बराच तापतो, म्हणून तो फरशीवर ठेवावा, मेजावरील कागदावर नव्हे.

सहा सेलांपैकीं तीन चारहि कसोट्यांस उतरले तर समाधान मानावें. एकहि न उतरला तर बॅटरी सबंध टाकून द्यावी. दोन आठवडे वाया गेले असें म्हणूं नये, कारण एक आग टळली.

४. जोडणी

पेटीसाठीं तीन सेल शेजारीशेजारी जोडावे. म्हणजे सर्वांचीं धन टोंकें एका बाजूस व ऋण टोंकें दुसऱ्या बाजूस. त्यामुळें दाब एकाच सेलाइतका, म्हणजे ३.७ व्होल्टच राहतो व धारणशक्ति तिप्पट होते. एकापुढें एक जोडून दाब वाढविण्याच्या भानगडींत जुने सेल घेऊन कधींहि पडूं नये. त्यांत प्रत्येक सेलावर वेगळी देखरेख ठेवावी लागते.

एकत्र जोडण्यापूर्वीं तिन्ही सेलांचा दाब अगदीं सारखा करावा. परस्परांतील फरक ०.०५ व्होल्टांहून अधिक नसावा. प्रस्तुत लेखकानें पहिल्या खेपेस हा नियम मोडला होता. एक सेल ४.१ व्होल्टांचा व दुसरा ३.३ व्होल्टांचा, असे दोन एकास एक टेकविले. भरलेल्या सेलांतून रित्या सेलांत इतक्या वेगानें प्रवाह धांवला कीं, निकेलची पट्टी बोटास चटका देण्याइतकी तापली. पट्टी तात्काळ सुटली म्हणून निभावलें. बांध फोडून भरल्या वाफ्याचें पाणी एकदम खालच्या वाफ्यांत सोडावें, तसाच तो प्रकार होता. सारखी पातळी करूनच बांध काढावा.

सेलास थेट डाग देऊं नये. सोल्डरिंगच्या उष्णतेनें आंतील पातळ पडदा बिघडतो. स्पॉट-वेल्डिंगची सोय नसेल तर १८६५० सेलांची तयार बैठक बाजारांत मिळते ती घ्यावी व तारा बैठकीस जोडाव्या. बैठकीवर धन बाजूस लाल रंगाची ठळक खूण करावी, कारण एक सेल उलटा बसला तर उरलेले दोन त्यावर तुटून पडतात. याच कारणास्तव प्रत्येक सेलाच्या धन तारेंत ३ अँपियरचा वेगळा फ्यूज घालावा. उद्यां एखादा सेल आंतून शॉर्ट झाला तर इतर दोघांची वीज त्यांत शिरण्यापूर्वीं फ्यूज वितळतो, व संकट एका सेलापुरतें राहतें. सबंध पेटीस मिळून एकच फ्यूज घातल्यानें हा उपयोग होत नाहीं.

भरणें, उतरणें व ५ व्होल्ट करून देणें या तिन्ही कामांसाठीं पॉवर बँकेची तयार सर्किट-पट्टी घ्यावी. तींत तीन गोष्टी आहेत याची खात्री करावी : ४.२ व्होल्टांवर भरणें थांबणें, फार उतरल्यावर वीज तोडणें, आणि शॉर्ट झाल्यास बंद होणें. टीपी ४०५६ या नांवाची स्वस्त पट्टीहि मिळते. परंतु तिचा संरक्षणासहित व संरक्षणाविण असा दोन प्रकारचा माल येतो, त्यांपैकीं संरक्षणासहितच घ्यावा. तीवर ५ व्होल्ट करणारी दुसरी पट्टी वेगळी जोडावी लागते, व पेटी भरत असतां तिच्यावर फोन लावूं नये, कारण भरणें केव्हां पुरें झालें हें मग तिला नीट उमगत नाहीं. १ अँपियरनें भरणाऱ्या पट्टीवर प्रत्येक सेलास सुमारें एकतृतीयांश अँपियर मिळतो. जुन्या सेलांस हा सावकाश खुराकच मानवतो. पेटी भरावयास सहा-सात तास लागले तरी हरकत नाहीं.

डब्याविषयीं दोन शब्द. पत्र्याचा डबा आगीच्या दृष्टीनें बरा. मात्र आंतून त्यास पूर्ण अस्तर हवें. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत स्लॉटांमध्यें घालावयाचा लेदरॉइड कागद मिळतो, तो या कामास उत्तम. तारा जेथून बाहेर येतात तेथें पत्र्याची धार लागूं नये म्हणून रबरी कडें बसवावें. डबा हवाबंद मात्र करूं नये. सेल बिघडल्यास त्यांतून वायु सुटतो, व त्यास वाट न मिळाल्यास डबाच फुटतो. यासाठीं झाकणास बारीक छिद्रें ठेवावीं.

५. किती लाभ होईल?

हिशेब प्रथमच केलेला बरा. १८०० मिलिअँपियर-तासांचे तीन सेल मिळून ५४०० होतात, ३.६ व्होल्टांनीं गुणून सुमारें १९ वॅट-तास. त्यांतील सुमारें १५ टक्के ५ व्होल्ट करण्यांत खर्च होतात व १६ वॅट-तासांच्या आसपास उरतात. ५००० मिलिअँपियर-तासांच्या फोनास पूर्ण भरण्यास सुमारें १९ वॅट-तास लागतात, व भरतांना फोनांतहि कांहीं वीज उष्णतेनें जाते. म्हणजे अगदीं विझलेला फोन या पेटीनें सुमारें पाऊण भरेल. अडीनडीस एवढें पुरे. याहून अधिक आशा धरूं नये.

६. वापर व ठेवण

पहिल्या दहा-बारा वेळां पेटी नजरेसमोर भरावी. पुढेंहि ती रात्रीं उशाशीं, अंथरुणावर, कापसाच्या खोलींत किंवा कडब्याच्या गंजीजवळ कधींहि भरूं नये. शहाबादी फरशी अगर मातीची मोकळी जमीन हीच तिची जागा. ४५ अंशांहून अधिक उष्णतेंत सेल भरणें वर्ज्य आहे. आपल्या वैशाखांत पत्र्याच्या शेडमध्यें किंवा उन्हांत उभ्या केलेल्या ट्रॅक्टरवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सावलींत, दुपार टळल्यावर भरावी. पेटी पाण्यांत पडली, उंचावरून आपटली, किंवा पूर्वींपेक्षां लवकर उतरूं लागली, तर ती उघडून सेल पुन्हां चारहि कसोट्यांस लावावे. बराच काळ वापर नसेल तर अर्धी भरून ठेवावी.

७. बिघाड झाल्यास

पेटी तापूं लागली, फुसफुसली, किंवा वास सुटला, तर प्रथम भिंतीवरील बटण बंद करावें. पेटी हातांत घेऊं नये. जमल्यास लांब दांड्याच्या फावड्यानें उघड्यावर ढकलावी, न जमल्यास माणसें व जनावरें दूर न्यावीं. धूर विषारी असतो, तो श्वासांत जाऊं देऊं नये. पेट घेतल्यास वीजप्रवाह बंद असल्याची खात्री करून दुरून भरपूर पाणी मारावें. येथें पाण्याचें काम ज्वाळा विझविण्याहून सेल थंड करण्याचें अधिक आहे. वाळूनें उष्णता कमी होत नाहीं. विझलेला सेल कांहीं तासांनीं पुन्हां पेटूं शकतो, म्हणून तो बाहेरच, पाण्याच्या बादलींत बुडवून ठेवावा.

८. बाद सेलांची व्यवस्था

बाद सेल उकिरड्यावर, विहिरींत अगर बांधाखालीं पुरून टाकणें हा आपल्याच जमिनीचा घात आहे. त्यांच्या दोन्ही टोंकांस चिकटपट्टी लावावी व ते वाळूच्या डब्यांत घराबाहेर जमवावे. ऑगस्ट २०२२ मध्यें निघालेल्या बॅटरी कचऱ्याविषयींच्या केंद्रीय नियमांप्रमाणें असा माल इतर कचऱ्यापासून वेगळा ठेवून अधिकृत संकलकाकडे देणें हें वापरणाराचें कर्तव्य आहे. तालुक्याच्या गांवीं जातांना वर्षांतून एकदां नेला तरी पुरे.

९. हें काम कोणीं करूं नये?

ज्यास मल्टिमीटर वाचतां येत नाहीं, ज्यास दोन आठवडे थांबवत नाहीं, किंवा ज्याच्या घरांत लहान मुलें सर्वत्र हात घालतात, त्यानें या वाटेस जाऊं नये. मल्टिमीटर, चार्जर, पट्टी, बैठक व फ्यूज यांचा खर्च धरला तर भारतीय मानक ब्युरोचें चिन्ह असलेली नवी पॉवर बँक घेणेंच त्यास हिताचें ठरेल. दुसराहि सोपा मार्ग आहे. ज्या फवारणी पंपांत शिशाची १२ व्होल्ट, ८ अँपियर-तासांची बॅटरी असते, ती पंपास पुरेनाशी झाली तरी फोनास पुष्कळ दिवस पुरते. नवेपणींच्या ९६ वॅट-तासांपैकीं निम्मे उरले तरी ते आपल्या पेटीच्या सुमारें अडीचपट होतात. तिच्या धन टोंकापाशीं फ्यूज घालून मोटारगाडींत वापरावयाचें ५ व्होल्टांचें अडॅप्टर लावावें, म्हणजे काम झालें. ती जड आहे, आडवी ठेवणें बरें नव्हे, आणि तिचींहि टोंकें एकमेकांस लागूं देतां कामा नयेत. परंतु लिथियमच्या सेलाप्रमाणें ती आंतून पेट घेत नाहीं.

ज्यास मात्र हौस आहे, धीर आहे व वही ठेवण्याची संवय आहे, त्यास हें काम करण्याजोगें आहे. त्यानें आपल्या वहींतील घेतलेल्या सेलांपेक्षां बाद केलेल्या सेलांची यादी अधिक जपावी. पेटी किती चांगली झाली हें त्या यादीच्या लांबीवरूनच कळतें.